पॉइंट टू-टू (.२२) बंदुकीसाठी जुनं, जादाचं मॅगझिन शोधायचं असेल तर (खास नाशिककरांसाठी)

नाशिकमध्ये नेमबाजी करणारी पोरंपोरी बरीच वाढलीयेत, त्यात स्वप्नील कुसळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं, आणि मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा पोरगा नेमबाजी शिकला आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत, त्यामुळे इथं घरोघरी हा विषय निघायला लागला. आणि त्याच्यासोबत एक प्रश्न सारखा कानावर येतो, की बंदुकीबरोबर एकच मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची सुटी डबी, आलंय, दुसरं कुठं मिळेल, जुनं चालेल का, अमक्या मॉडेलचं आमच्याला बसेल का. ह्यावर तोंडी सल्ले भरपूर मिळतात पण निम्मे सल्ले अमेरिकेतले व्हिडिओ बघून दिलेले असतात, तिथं सरप्लसचा, म्हणजे लष्करात जादाचा ठरलेला, माल दुकानात टोपलीत ठेवलेला असतो, आपल्याकडे तसं काही नाही आणि कायदाही पार वेगळा. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी हे बघा की तुम्हाला मॅगझिन लागतंय का. ५० मीटर रायफलच्या ऑलिम्पिक प्रकारात रायफल सिंगल शॉटच लागते, एक गोळी हातानं घालायची, मारायची, बोल्ट (गोळीमागचा सरकता दांडा) मागं, परत एक. कुसळेच्या फायनलचे ४५१.४ पॉइंट असे एकेक गोळी हातानं भरूनच आलेत. १० मीटर एअर रायफलचंही तसंच. त्यामुळे पोरगं जर ह्या दोन प्रकारांत खेळत असेल आणि कुणी सांगितलं की स्पेअर मॅगझिन घेऊन ठेवा, तर ते पैसे पेलेट आणि काडतुसांवर घाला, जास्त उपयोग होईल.

मॅगझिनचा प्रश्न खऱ्या अर्थानं येतो तो तीन ठिकाणी. एक म्हणजे २५ मीटर पिस्तूल खेळणारे, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्समध्ये गोल्ड घेतलं तो प्रकार, किंवा विजय कुमारनं २०१२ ला लंडनमध्ये सिल्व्हर घेतलं ती रॅपिड फायर. दुसरे म्हणजे बोल्ट अ‍ॅक्शन (म्हणजे दर गोळीला बोल्ट हातानं ओढायची) पॉइंट टू-टू रायफल सरावाला वापरणारे. आणि तिसरे, म्हणजे निफाड, दिंडोरी, सिन्नरकडची बरीच घरं, जिथं आजोबांच्या नावावरची ब्रनो ह्या चेक कंपनीची रायफल वारसाहक्कानं लायसनसकट पुढच्या पिढीकडे आलीय आणि तिचं मॅगझिन एकतर हरवलंय किंवा गंजून गेलंय.

आता सेमी-ऑटो, म्हणजे पुढची गोळी आपोआप घेणाऱ्या, रायफलबद्दल स्पष्ट बोलून घेऊ कारण शोधणारे बरेचजण तिथूनच सुरू करतात. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या शेड्यूलमध्ये अर्धस्वयंचलित बंदुका पहिल्या वर्गात येतात, म्हणजे प्रतिबंधित. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर तिसऱ्या वर्गात येतं म्हणून स्पोर्ट पिस्तूल सेमी-ऑटो असूनही साध्या लायसनवर घेता येतं, पण सेमी-ऑटो रायफल साध्या लायसनवर येत नाही. त्यामुळे कुणी तुम्हाला "रायफल नाही, नुसतं मॅगझिनच आहे, त्याला काय लायसन" असं म्हणत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. शस्त्र कायदा १९५९ च्या व्याख्येत शस्त्रामध्ये शस्त्राचे भागसुद्धा धरलेत. मॅगझिन हा भागच आहे. ज्या बंदुकीचं लायसन तुमच्याकडे नाही तिचं मॅगझिन घरात ठेवण्यात शहाणपणा नाही, मग ते कितीही जुनं, रिकामं आणि शोभेचं असो.

हे सगळं मान्य असेल तर पुढं वाचा.

शोधायला बाहेर पडायच्या आधी घरी एक तास द्या. बंदूक रिकामी आहे ना हे दोनदा बघा, चेंबरच्या, म्हणजे गोळी बसते त्या भोकाच्या, तोंडाशी बोट लावून बघा, मग उजेडात घेऊन तिच्यावर जे जे कोरलंय ते वहीत उतरवा. कंपनीचं नाव, मॉडेल, कॅलिबर, सीरियल नंबर, प्रूफ मार्क (चाचणीचा शिक्का). आणि फोटो काढा, मॅगझिन ज्या खाचेत जातं तिचा आतून, मॅगझिन कॅचचा (मॅगझिन धरून ठेवणाऱ्या खटक्याचा), आणि असलेल्या मॅगझिनचा चारही बाजूंनी. लायसनवर जे मॉडेल लिहिलंय तेवढ्यावर विसंबू नका, जुन्या लायसनवर नुसतं ".२२ रायफल ब्रनो" एवढंच असतं आणि ब्रनोनं एक-दोन नाही बरीच मॉडेलं काढलीत.

कॅलिबरच्या बाबतीत तर दहा वेळा खात्री करा. पॉइंट टू-टू म्हणून मुख्यतः तीन वेगवेगळी काडतुसं आहेत. .२२ शॉर्ट साधारण १७.६ मिलिमीटर लांब, .२२ लाँग रायफल २५.४ मिलिमीटर म्हणजे बरोबर एक इंच, आणि .२२ मॅग्नम ३४.३ मिलिमीटरच्या आसपास. मॅग्नमचं केसिंग (काडतुसाची धातूची नळी) जाडीलाही मोठं असतं. लाँग रायफलचं मॅगझिन मॅग्नमच्या रायफलीला चालणार नाही आणि उलटंही नाही, मग कंपनी एकच असो आणि बाहेरून सारखं दिसो. मॅग्नम आणि .१७ एचएमआर ह्यांचं मात्र बऱ्याच कंपन्यांत एकच मॅगझिन असतं कारण .१७ चं काडतूस मॅग्नमच्याच केसिंगचं तोंड बारीक करून बनवलंय. दुकानदारानं घाईत काढून दिलेल्या डब्यात ही सरमिसळ नेहमी सापडते, म्हणून व्हर्निअर घेऊन जा. सातपूर-अंबडला काम करणाऱ्यांच्या घरी व्हर्निअर असतोच, नसेल तर शेजारच्याकडून मागून घ्या.

आता कुठलं कशाला बसतं. इथं मी फक्त ज्याची खात्री आहे तेवढंच सांगतो.

ब्रनो मॉडेल २ आणि नंतरची सीझेड ४५२ ही एकाच घराण्यातली आहेत, त्यांची लाँग रायफलची मॅगझिनं एकमेकांत चालतात. ४५२ ची मॅगझिनं पुढच्या ४५५ ला आणि त्याच्या पुढच्या ४५७ लाही चालतात, आणि सीझेडची सेमी-ऑटो ५१२ सुद्धा ४५५ चंच मॅगझिन घेते. म्हणजे जुन्या ब्रनोवाल्यांसाठी ही फार चांगली बातमी आहे, कारण साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या रायफलीला आजच्या उत्पादनातलं मॅगझिन मिळू शकतं. ५ गोळ्यांचं आखूड आणि १० गोळ्यांचं लांब अशी दोन्ही येतात. जुनं लोखंडी ५ गोळ्यांचं जर धड अवस्थेत मिळालं तर माझं मत तेच घ्या, रायफलीच्या पोटाखाली कमी बाहेर येतं, बेंचवर टेकवून मारताना अडत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतं. फक्त ज्यांनी ४५५ ची बॅरल बदलून मॅग्नम केलीय त्यांनी आत बसवायचा स्पेसर (जागा भरणारा तुकडा) आहे की काढलाय ते बघून मगच मॅगझिन घ्यायचं.

रुगर १०/२२ ही १९६४ पासूनची सेमी-ऑटो, हिचं गोल फिरणारं १० गोळ्यांचं मॅगझिन जगात बहुतेक सगळ्यात जास्त खपलेल्यांपैकी असेल. तेच मॅगझिन रुगरच्या बोल्ट अ‍ॅक्शन ७७/२२ ला आणि अमेरिकन रिमफायरला लाँग रायफलमध्ये बसतं. म्हणून इथं कुणाकडे बोल्टवाली रुगर असेल तर "१०/२२ चं मॅगझिन" असं ऐकून घाबरायचं कारण नाही, तुमच्या लायसनच्या रायफलीचंच आहे ते. पण खरेदीच्या पावतीवर तुमच्या रायफलीचं नाव आणि नंबर येईल असं बघा, नुसतं १०/२२ लिहून आणू नका.

रुगरची मार्क सिरीज पिस्तुलं. मार्क ३ आणि मार्क ४ ची मॅगझिनं एकमेकांत चालतात. पण त्याच सिरीजमधलं २२/४५ नावाचं जे आहे त्याच्या ग्रिपचा कोन वेगळा, त्याला त्याचंच मॅगझिन लागतं. मार्क २ चं मार्क ३ ला सरळ चालत नाही, कॅचची जागा वेगळी.

टार्गेट पिस्तुलांत वॉल्थर जीएसपी आणि पार्डिनी, दोन्हींची मॅगझिन ट्रिगरच्या पुढं बसतात, ५ गोळ्यांची. ह्यांत .२२ आणि .३२ अशी दोन्ही रूपं येतात आणि दोन्हींची मॅगझिनं वेगळी. जुनी हॅमर्ली २०८ असेल तर तिचं ग्रिपमधून वर जाणारं ८ गोळ्यांचं. ह्या पिस्तुलांच्या बाबतीत मात्र जुन्या-नव्या आवृत्तीत बारीक फरक होत गेलेत, म्हणून मॉडेलचं नाव जुळलं तरी सीरियल नंबर सांगून कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका, एकेक मॅगझिन काही स्वस्त नसतं.

इशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल ज्यांच्याकडे आहे त्यांनी सरळ कारखान्याच्या मार्गानं जावं. १ ऑक्टोबर २०२१ पासून ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या आणि इशापूरची रायफल फॅक्टरी अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया ह्या कानपूरच्या कंपनीखाली गेली, त्यामुळे जुन्या पत्त्यावर पत्रं पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. ली-एनफिल्डवरून घडवलेली रायफल आहे म्हणून .३०३ चं जुनं मॅगझिन चालेल असा सल्ला देणारे भेटतात, तो अजिबात ऐकू नका. .३०३ बोअर प्रतिबंधित, तिचे भाग घरात आणून ठेवायचे म्हणजे स्वतःहून अडचण ओढवून घ्यायची, आणि काडतूसही वेगळ्या मापाचं आहे.

बसतं आणि चालतं ह्यात फार फरक असतो, हे जगभरातल्या सरप्लसवाल्यांनी पैसे घालवून शिकलेलं आहे. एफएन एफएएल रायफलीचंच बघा, ज्या घराण्यातली आपल्या लष्कराची जुनी एसएलआर. तिच्या मेट्रिक आणि इंच अशा दोन जाती, मेट्रिक मॅगझिनला पुढं दाबून काढलेला छोटा टेंगूळ आणि इंचवाल्याला मोठा जाड लग (उंचवटा). दोन्ही शेजारी ठेवली तर नवखा माणूस फरक सांगू शकणार नाही, पण इंचवालं मेट्रिक रायफलीत जातच नाही, आणि मेट्रिकवालं इंच रायफलीत जातं पण ढिलं राहतं. हे ढिलं राहणंच जास्त वाईट. जे जातच नाही ते निदान लगेच परत करता येतं.

पॉइंट टू-टूमध्ये हा घोळ अजून नाजूक असतो कारण काडतुसाला रिम (बुडाची बाहेर आलेली कड) असते, साधारण ७ मिलिमीटर व्यासाची. मॅगझिनमध्ये वरच्या गोळीची रिम खालच्या गोळीच्या रिमच्या पुढं बसली पाहिजे. मागं अडकली तर बोल्ट वरची गोळी ढकलताना खालचीलाही ओढतो आणि दोन्ही तिरक्या होऊन बसतात. म्हणून मॅगझिनच्या वरच्या दोन ओठांना, ज्याला सगळे फीड लिप्स म्हणतात, इतकं महत्त्व आहे. गोळी कुठल्या उंचीवर, कुठल्या कोनात धरायची आणि नेमकी कधी सोडायची हे तेच दोन पत्रे ठरवतात. जुनं मॅगझिन हातात आलं की आधी तिथंच बघा.

बघायचं कसं ते सांगतो. मॅगझिन रिकामं करून डोळ्यासमोर आडवं धरा आणि मागून पुढं बघा, दोन्ही ओठ एकाच उंचीवर हवेत. एक उघडा आणि एक आत वळलेला दिसला, किंवा पक्कडीनं सरळ केल्याच्या खुणा, म्हणजे चकचकीत ओरखडे दिसले, तर परत ठेवून द्या. "थोडं वाकवलं की चालेल" हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. कारागिरानं नीट मापानं केलं तर चालतंही, पण पत्रा एकदा वाकवून परत वाकवला की तिथंच कमजोर होतो, आणि शाळकरी पोराच्या हातातल्या पिस्तुलासाठी असलं मॅगझिन मी तरी कधीच घेणार नाही. मग अंगठ्यानं फॉलोअर, म्हणजे गोळ्यांना खालून वर ढकलणारा तुकडा, खाली दाबा, तो शेवटपर्यंत एका दमात गेला पाहिजे आणि सोडल्यावर लगेच वर आला पाहिजे. मध्ये कुठं कच् करून अडला तर आत गंज आहे किंवा अंग चेपलंय. मॅगझिनची बाजू काचेवर ठेवून हलवून बघा, चेपलेलं असेल तर डुलतं. कॅच अडकते ती खाच बघा, कडा गोल झिजलेल्या असतील तर मॅगझिन मारता मारता खाली सरकतं. खालची बेसप्लेट निघते का बघा, निघत असेल तर आतली स्प्रिंग काढून बघायची परवानगी मागा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

"काका, आत बघितलं तर चालेल ना?" एवढंच विचारायचं. जो काका म्हणतो "अरे बघ की, घ्यायचंय तुला", त्याच्याकडून घ्यायचं.

नकली म्हणजे कंपनीचं नसलेलं मॅगझिन ओळखायला कंपनीचा शिक्का, पत्र्याच्या वेल्डिंगची शिवण आणि प्लास्टिकच्या कडा बघा. दुसऱ्या कंपनीचं मॅगझिन सगळंच वाईट असतं असं नाही, काही फार चांगली असतात, पण जुन्या मालात कुणाचं आहे ते कळत नाही, म्हणून पॅकिंग नसलेलं बिगरकंपनीचं शक्यतो टाळलेलं बरं.

मिळतं कुठं. आपल्याकडे लष्कराचा सरप्लस माल सामान्य माणसाला विकत नाहीत, देवळाली जवळ आहे म्हणून काही फरक पडत नाही, आणि कुणी कॅम्पातून आणून देतो म्हणाला तर तो चोरीचा माल आहे असंच समजा. आपल्यासाठी "जादाचा माल" म्हणजे लायसनधारक शस्त्रविक्रेत्यांकडचा पडून राहिलेला जुना स्टॉक. नाशिक, पुणे, मुंबईतल्या जुन्या दुकानांत तीस-चाळीस वर्षांपूर्वी विकलेल्या बंदुकांबरोबरची, दुरुस्तीला येऊन मालक परत न आलेल्या बंदुकांची, किंवा बंदूक विकायला ठेवलेल्या कुटुंबांनी दिलेली मॅगझिनं असतात. फोनवर विचारलं तर नाही म्हणतात कारण त्यांना स्वतःलाच आठवत नसतं. समक्ष जा, लायसनची मूळ प्रत आणि झेरॉक्स घेऊन, तुमचे फोटो दाखवा, आणि गर्दी नसेल अशा वेळी जा. दुपारी जेवणानंतर दुकानात शांतता असते तेव्हा ड्रॉवर उघडून बघायला त्यांनाही वेळ असतो. लायसन संपलेलं असेल तर आधी ते नूतनीकरण करून घ्या मगच जा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झालीय त्यामुळे तारीख लक्षातून जाते.

दुसरा मार्ग म्हणजे खेळ सोडलेले नेमबाज. रेंजवर कोचना सांगून ठेवा, मुंबईला वरळी किंवा पुण्याला बालेवाडीला स्पर्धेसाठी गेलात तर तिथंही विचारा, बऱ्याच जणांनी पिस्तूल विकलं पण जादाचं मॅगझिन विसरून राहिलं असं होतं. फक्त व्यवहार हातावर हात मारून करू नका. दोन लायसनधारकांमध्ये शस्त्र विकायचं तर विकणाऱ्यानं आधी लेखी कळवायचं असतं आणि ४५ दिवस जाऊ द्यायचे असतात, आणि मॅगझिनसारख्या भागासाठी सगळ्यात सोपं आणि सुरक्षित म्हणजे तो व्यवहार लायसनधारक डीलरच्या रजिस्टरमधून करणं. शंभर-दोनशे रुपये जास्त जातील. पण तुमच्याकडे पावती राहील, आणि उद्या कुणी विचारलं की हे दुसरं मॅगझिन आलं कुठून तर कागद पुढं करता येईल. आपण शहरात राहत असाल तर शस्त्र परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात. शंका असेल तर परवाना शाखेत लेखी अर्ज देऊन विचारा आणि पोच घ्या, तोंडी उत्तराचा उपयोग होत नाही.

तिसरा मार्ग आयात. रिनाउन्ड शॉट (असोसिएशनच्या निकषात बसलेला नेमबाज) किंवा त्या दर्जाचे खेळाडू असाल तर नॅशनल रायफल असोसिएशनच्या शिफारशीनं आयात परवाना मिळतो, त्यात पिस्तुलाबरोबर जादाची मॅगझिनंही एकदाच मागवून घ्या. ही असोसिएशन १९५१ ची, पहिले अध्यक्ष आपले दादासाहेब मावळंकर, म्हणजे खेळाडूंसाठी ही वाट काही आजची नाही. पिस्तूल घेतानाच निदान दोन जादाची मॅगझिनं ऑर्डरमध्ये घालणं हा मला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो, नंतर एकट्या मॅगझिनसाठी तीच सगळी कागदपत्रं परत करावी लागतात. अमेरिकेतल्या भाच्याला किंवा दुबईहून येणाऱ्या मित्राला "बॅगेत एक टाकून आण" असं चुकूनही सांगू नका. शस्त्र कायद्याचं कलम १० आयातीसाठी परवाना मागतं, विमानतळावर एक्सरेमध्ये मॅगझिन लगेच दिसतं, आणि अडकतो तो आणणारा. कुरिअरनं, किंवा सोशल मीडियावरच्या जाहिरातीवरून मागवणं हेही तसंच.

मिळालं समजा. आता तपासणी, आणि ही घरी नाही, रेंजवर, नळी टार्गेटकडे आणि आरओला (रेंज ऑफिसरला) सांगून. घरी फक्त साफसफाई. जुनं मॅगझिन उघडून आतली माती, वाळलेलं ग्रीस, आणि गोळ्यांवरच्या मेणाचा थर काढा, पॉइंट टू-टूच्या शिशाच्या गोळ्यांवर मेण असतं आणि ते ओठांच्या आतल्या बाजूला साठून काळं घट्ट होतं. टूथब्रश आणि थोडं रॉकेल पुरतं, मग कोरडं पुसून बंदुकीच्या तेलाचा अगदी पुसट हात. खोबरेल वापरू नका, कितीही घरी हाताशी असलं तरी. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशाखाली गोठायला लागतं आणि निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कुठं जातो ते आपल्याला माहितीये, सकाळी सातच्या डिटेलला (नेमबाजांच्या पाळीला) फॉलोअर चिकटून बसतो आणि पोरगं बिचारं ट्रिगरला दोष देत राहतं.

रेंजवर आधी रिकामं मॅगझिन लावून बघा, कॅचचा स्पष्ट आवाज आला पाहिजे, मग खाली हलकं ओढा, सुटायला नको. बटण दाबल्यावर निघालं पाहिजे. मग डमी काडतुसं घालून हातानं बोल्ट चालवून बघा, सगळी आत जाऊन बाहेर येतायत का. मग खरी गोळी. आधी एकच. मग दोन, आणि सेमी-ऑटो पिस्तूल असेल तर दोनवाली पायरी चुकवायची नाही, कारण बोल्ट आपोआप परत जाऊन दुसरी गोळी नीट घेतोय का आणि एका ट्रिगरला एकच गोळी सुटतेय का हे दोन गोळ्यांत कळतं, आणि गडबड असलीच तर आत उरलेलं काही नसतं. मग पाच. गोळ्या भरताना प्रत्येक गोळी मागच्या भिंतीला टेकवून भरा, रिमचा वर सांगितलेला घोळ निम्म्याहून जास्त वेळा भरण्यातून होतो.

जाम झालं तर कितवी गोळी अडकली ते लिहून ठेवा. पूर्ण भरलेलं असताना पहिलीच अडकत असेल तर आत घाण आहे किंवा स्प्रिंग जास्त घट्ट बसलीय. शेवटच्या एक-दोन गोळ्या तोंड खाली करून अडकत असतील तर स्प्रिंग दमलीय, ती बदलली की मॅगझिन बहुतेक वेळा कामाला येतं. कुठलीही कधीही अडकत असेल तर ओठ. आणि तुमच्या जुन्या चांगल्या मॅगझिनमध्येही तसंच होत असेल तर मॅगझिनचा दोष नाही, चेंबर साफ करा, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं केसिंग बाहेर ओढणारा आकडा) बघा, दुसऱ्या लॉटच्या गोळ्या घालून बघा. हे ओळखता यावं म्हणून प्रत्येक मॅगझिनच्या तळाला रंगानं १, २, ३ असे नंबर टाका आणि स्कोअरच्या वहीतच मॅगझिनचा नंबर लिहायची सवय लावा. रॅपिड फायरमध्ये पाच गोळ्यांना ८ सेकंद, मग ६, मग ४. चार सेकंदांत एक गोळी अडकली की ती सिरीज हातातून जाते, मालफंक्शन (बिघाडासाठी परत संधी) मागता येतं पण त्यालाही मर्यादा आहे आणि गोळी चुकीची भरली असेल तर तेही मिळत नाही. म्हणून स्पर्धेला तेच मॅगझिन न्यायचं ज्यानं सरावात सलग काही आठवडे एकही गोळी अडवलेली नाही, नवीन घेतलंय म्हणून नवीन लावायचं नाही.

ज्या मॅगझिननं दोन-तीनदा त्रास दिला आणि स्प्रिंग बदलूनही सुधारलं नाही, त्याच्यावर लाल पट्टी मारून ते फक्त डमीच्या सरावाला ठेवा. तेही नको असेल तर कचऱ्यात टाकू नका आणि भंगारवाल्याला देऊ नका, डीलरला परत करून तशी नोंद करून घ्या.

ठेवताना मॅगझिन रिकामं, बंदुकीपासून वेगळं, कुलपात. पावसाळ्यात आपल्याकडे आषाढ-श्रावणात कपाटातलं लोखंड आठवड्यात तांबूस होतं, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि लेदरच्या पाऊचमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं. रेंजवर नेताना लायसन, असोसिएशनचं ओळखपत्र, मॅगझिनची पावती एकाच पाकिटात. आणि निघायच्या आधी पेपर बघा, निवडणूक, सण किंवा मोर्चे असले की आयुक्तालयाकडून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश निघतो, त्या दिवसांत शस्त्र घेऊन फिरायला बंदी असते आणि खेळाडूंना सूट आहे का ते त्या त्या आदेशात लिहिलेलं असतं, तो आदेश पूर्ण वाचून, त्याची प्रत जवळ ठेवूनच बाहेर पडा.